चांदणे कुणाच्या मनात?

यंदाच्या दिवाळीत आमच्या घरी एक परीक्षा झाली आणि तीत घरातली सगळी वडीलधारी मंडळी नापास झाली. परीक्षा घेणारी होती माझी नात. ती गांधीनगरला न्यायवैद्यक मानसशास्त्र शिकते. गुन्हा, साक्ष आणि तपास यांच्या कामी माणसाच्या मनाविषयी जे शास्त्र उपयोगी पडते ते हे, असा त्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावून ठेवला आहे. भाऊबीजेच्या दुपारी फराळाच्या बशा आवरून आम्ही ओटीवर बसलो होतो. मी झोपाळ्यावर; समोर माझे धाकटे बंधू, जे हायस्कुलातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले; वहिनी; आणि शेजारचे वकीलसाहेब, ज्यांची चाळीस वर्षे उलटतपासण्या घेण्यात गेली. नातीने आपला फोन पानाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि म्हणाली,

"आजोबा, यात बारा जण आहेत, माझ्याच वर्गातले. प्रत्येक जण लहानपणची एक हकिगत सांगतो. सहा खऱ्या आहेत, सहा रचलेल्या. कोणत्या रचलेल्या ते तुम्ही सर्वांनी कागदावर लिहायचे. एकमेकांचे बघायचे नाही हं!"

आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने बसलो. एक मुलगी बोलताना सारखी ओढणीशी चाळा करीत होती. ती खोटी, हे मी लगेच लिहून टाकले. एक मुलगा सरळ आपल्याकडे बघून, ठाम स्वरात, विहिरीत पडल्याची गोष्ट सांगत होता, तो खरा. वकीलसाहेब तर पहिल्या दोन वाक्यांतच निकाल देऊन मोकळे होत होते.

नातीने कागद तपासले. मला बारांपैकी पाच, वहिनींना सहा, बंधूंना सात, वकीलसाहेबांना सहा. बंधूंचा तिसरीतला नातू मध्येच येऊन बसला होता. ज्यांचा आवाज आपल्याला आवडला ते खरे, असा त्याचा सरळ हिशेब. त्यालाही सात मिळाले. रुपया उडवून छापा-काटा केला असता तरी सरासरीने सहा आलेच असते, असे नातीने सांगितले, तेव्हा वकीलसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ओढणीशी चाळा करणारी मुलगी अक्षरन् अक्षर खरे बोलत होती. विहीरवाला मुलगा जन्मात कधी विहिरीत पडला नव्हता.

"कोर्टात माणूस समोर उभा असतो," वकीलसाहेब म्हणाले. "या एवढ्याशा काचेत काय कळणार?"

"काका, पोलीसही हेच म्हणतात," नात म्हणाली, आणि मग तिने जे सांगितले ते ऐकून आम्हा सर्वांचाच अहंकार थोडा खाली आला.

खरे-खोटे ओळखण्याचे असे शेकडो प्रयोग निरनिराळ्या देशांत झाले आहेत. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली त्या सर्वांचा एकत्र ताळेबंद मांडला. त्यात २४ हजारांहून अधिक माणसांनी दिलेले निर्णय मोजलेले आहेत. शंभरांपैकी सरासरी ५४ निर्णय बरोबर निघाले. खरे बोलणाऱ्यांपैकी ६१ टक्के लोक खरे मानले गेले. खोटे बोलणाऱ्यांपैकी ४७ टक्केच ओळखले गेले. छापा-काट्याने ५० मिळतात. म्हणजे आपल्या साऱ्या अनुभवाची, डोळ्यांची आणि पारखीची कमाई ती शंभरात चार!

बरे, हे झाले सामान्य लोकांचे. ज्यांचा धंदाच हा, त्यांचे काय? पॉल एकमन आणि मॉरीन ओसलिव्हन यांनी १९९१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात न्यायाधीश होते, पोलीस होते, मनोविकारतज्ज्ञ होते, खोटे पकडण्याची यंत्रे चालविणारे सरकारी अधिकारी होते, आणि कॉलेजातले विद्यार्थीही होते. सारे मिळून ५०९ जण. त्यांतल्या एकाच गटाने, म्हणजे अमेरिकेच्या अध्यक्षांचे रक्षण करणाऱ्या सिक्रेट सर्व्हिसच्या लोकांनी, छापा-काट्यापेक्षा बरी कामगिरी केली. बाकीचे सारे आमच्या ओटीवरच्या मंडळींसारखेच.

असे का व्हावे? नातीने आम्हालाच विचारले, "खोटे बोलणारा माणूस कशावरून ओळखता तुम्ही?" वहिनी चटकन म्हणाल्या, "नजर चुकवतो." जगही हेच म्हणते. हाच प्रश्न ५८ देशांतील लोकांना विचारून त्यांची उत्तरे २००६ साली एकत्र प्रसिद्ध झाली. शंभरांत सुमारे ६४ लोकांनी नजरेचेच नाव घेतले. पृथ्वीच्या पाठीवर इतक्या भाषा, इतके धर्म, पण या एका बाबतीत सर्वांचे एकमत! आणि ते एकमत चुकीचे आहे. डीपॉलोबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली खोटेपणाची म्हणून सांगितली जाणारी १५८ लक्षणे तपासली. बहुतेकांचा खोटेपणाशी संबंध लागला नाही किंवा अगदी पुसट लागला. नजर चुकविण्याचा तर लागलाच नाही. चाळे, चुळबुळ, अडखळणे ही भीतीची आणि संकोचाची लक्षणे आहेत. भीती खऱ्या माणसालाही वाटते. आणि सराईत लबाड मुद्दाम डोळ्यांत डोळे घालून बोलतो, कारण तुम्ही तेच पाहणार हे त्याला ठाऊक असते.

आपल्या घरांतून तर हा प्रकार अधिकच विचित्र. लहानपणी आपल्याला काय शिकवले? वडील माणसे रागावत असताना मान खाली घालावी. वर बघितले तर "डोळे काय वटारतोस?" असे ऐकावे लागे. आणि मान खाली घातली, तर तीच माणसे शेजारणीला सांगत, "बघा, कसा नजर चुकवतोय!"

नात हे सांगत होती तेव्हा मी झोपाळा थांबवून बसलो होतो. सत्तर वर्षांपूर्वीची एक मान खाली घातलेली मूर्ती माझ्यापुढे उभी राहिली होती. ती हकिगत मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. आज सांगतो.

१९५६ सालची गोष्ट. मी नऊ वर्षांचा होतो. रावपुऱ्यातल्या आमच्या वाड्यात तेव्हा एकाच चुलीवर सोळा माणसांचा स्वयंपाक होई. आजोबा गायकवाड सरकारच्या न्यायखात्यात कारकून म्हणून लागले आणि संस्थान विलीन होण्याआधीच शिरस्तेदार होऊन निवृत्त झाले. न्यायमंदिराच्या इमारतीत त्यांची तीस वर्षे गेली. त्यामुळे घरातले तंटे त्यांच्यापुढेच चालत आणि त्यांचा शब्द शेवटचा असे.

पाणी भरायला आणि वरकामाला आमच्याकडे एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता. सावलीकडच्या एका खेड्यातून आलेला, मुका नव्हे पण मुक्यासारखा. माझ्या आईला तो 'बा' म्हणे. मला त्याने पतंगाला कन्नी बांधायला शिकवले होते. मला त्याचा लळा होता, हे आधी सांगून ठेवतो. म्हणजे पुढचे अधिक समजेल.

होळीचा दिवस. आईने पुरण वाटायला बसताना हातांतल्या पाटल्या काढून ठेवल्या. संध्याकाळी पाहते तो एकच पाटली. दुसरी नाही. घर उलटेपालटे झाले. फडताळे, कोनाडे, न्हाणीघर, तुळशीवृंदावन, सगळे शोधून झाले. मग सगळ्यांच्या नजरा त्या मुलाकडे वळल्या.

आजोबांनी त्याला ओटीवर उभे केले. "पाटली कुठे आहे?" मुलगा काही बोलेना. "वर बघ!" तो वर बघेना. आजोबा म्हणाले, "तीस वर्षांत अशी शेकडो तोंडे पाहिली आहेत मी." मोठ्या काकूंनी मंतरलेले तांदूळ आणून त्याच्या तोंडात घातले आणि चावून थुंकायला सांगितले. तांदूळ कोरडे ठणठणीत बाहेर आले. झाले! चोराच्या मनात चांदणे, असे कोणीतरी म्हणाले. मला विचारले, "तू सारा दिवस त्याच्याबरोबर असतोस, आज कसा होता तो?" मी म्हणालो, "आज तो माझ्याकडे बघतच नव्हता." हे खरेच होते. सकाळी आमचे रंगावरून भांडण झाले होते. पण ते मी सांगितले नाही. मला ते सांगण्यासारखे वाटले नाही.

रात्री उशिरापर्यंत त्याला विचारणे चालले. शेवटी एका काकांनी दोन थोबाडीत दिल्या, तेव्हा तो म्हणाला, "हो, मी घेतली." कुठे ठेवलीस? तो म्हणाला, "सुरसागरात टाकली." दुसऱ्या दिवशी त्याचा बाप येऊन, आजोबांच्या पायांवर डोके ठेवून, त्याला घेऊन गेला. पोलिसात दिले नाही, यालाच आम्ही आमचा मोठेपणा समजलो.

दिवाळीनंतर थंडी पडू लागली तेव्हा माळ्यावरची ट्रंक खाली काढली. होळीला ऊन दाखवून घडी करून ठेवलेल्या रजया त्यात होत्या. आईने तिसरी रजई झटकली आणि पाटली फरशीवर वाजली.

वडील त्याच आठवड्यात त्या खेड्यात जाऊन आले. ते कुटुंब पोटामागे कुठेतरी निघून गेले होते. सुरतेस, असे कोणी म्हणाले, कोणी अहमदाबादेस. पुन्हा त्यांचा पत्ता लागला नाही. आईने ती पाटली हातात कधी घातली नाही. वारली तेव्हा ती एका जुन्या खणात बांधलेली सापडली.

तांदूळ कोरडे का पडले, हे आज शाळेतला मुलगाही सांगेल. माणूस घाबरला की तोंडातली लाळ आटते. तांदळाने भीती मोजली. आम्ही तिला चोरी समजलो. पुढे यंत्रे निघाली तीही याच वाटेची. १९२१ साली अमेरिकेतील बर्कली शहराच्या पोलीस खात्यातील जॉन लार्सन यांनी श्वास आणि रक्ताचा दाब यांची एकत्र नोंद करणारे यंत्र बनविले. नंतर त्यात हातांच्या घामाची भर पडली. लोक त्याला खोटे पकडण्याचे यंत्र म्हणतात. ते नोंदवते श्वास, दाब आणि घाम. त्यांवरून खोटेपणाचा तर्क करणारा माणूसच असतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्याच्या निकालात असे ठरविले की, अशी यंत्रे, गुंगीचे औषध देऊन घेतलेली जबानी किंवा मेंदूची चाचणी कोणावरही त्याच्या मर्जीविरुद्ध लादता येणार नाही. आमच्या ओटीवर मात्र तसा निकाल देणारे कोणी नव्हते.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. ज्यांना हे काम रोज करावे लागते, त्या तपासनिसांना, तुरुंगातल्या मानसतज्ज्ञांना, न्यायाधीशांना शिकवून तयार करता येईल की नाही? मी नातीला हेच विचारले. ती म्हणाली, "येईल, पण काय शिकवता त्यावर आहे. चुकीचे शिकवले तर न शिकलेला बरा."

अमेरिकेत पोलिसांना शिकवण्याची एक पद्धत फार वर्षे रूढ आहे. तीत संशयिताची बसण्याची ढब, हातांचे चाळे, नजर यांवरून निदान करायला शिकवतात. सॉल कॅसिन आणि क्रिस्टिना फाँग यांनी १९९९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना या पद्धतीचे धडे दिले, काहींना दिले नाहीत. आणि दोघांनाही संशयितांच्या जबान्या दाखविल्या. धडे घेतलेले विद्यार्थी न घेतलेल्यांपेक्षा जास्त चुकले. तरी त्यांची स्वतःविषयीची खात्री अधिक होती, आणि आपल्या निर्णयाची कारणेही ते अधिक सांगत होते! २००२ साली मायस्नर आणि कॅसिन यांनी प्रत्यक्ष तपासनिसांवर काम केले. त्यांत असे दिसले की अनुभव आणि शिक्षण यांनी अचूकपणा वाढत नाही. समोरचा माणूस दोषी आहे असे मानण्याकडे कल आणि आत्मविश्वास मात्र वाढतो. मला आजोबांचे ते वाक्य आठवले. शेकडो तोंडे त्यांनी खरोखर पाहिली होती. पण ती पारख चुकली तर तुम्ही चुकलात असे सांगायला परत कोण आले होते? डॉक्टरचे औषध चुकले तर रोगी सांगतो. तोंड वाचणाऱ्याची चूक ट्रंकेत बंद राहते.

एकमन यांनी या चुकीला शेक्सपिअरच्या नाटकावरून 'ऑथेल्लोची चूक' असे नाव दिले आहे. आपल्या वाचकांना तो ऑथेल्लो परका नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी त्याचा 'झुंझारराव' केला आणि गणपतराव जोशांनी तो रंगभूमीवर गाजवला. नायक बायकोवर आळ घेतो. ती घाबरते, रडते. आणि ते रडणेच त्याला गुन्ह्याचा पुरावा वाटते. आपल्यावर विश्वासच ठेवला जाणार नाही या भीतीने निरपराध माणूसही थरथरतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही. त्याच देवलांनी 'संशयकल्लोळा'त हीच गोष्ट हसत हसत सांगितली. फाल्गुनरावाला एकदा संशय आला की जे दिसेल ते त्याच्या संशयालाच खतपाणी घालते. नाटकगृहात आपण पोट धरून हसतो, आणि घरी येऊन फाल्गुनरावच होतो.

मग योग्य शिक्षण कोणते? नातीने मला दोन-तीन प्रयोग समजावून सांगितले. त्यांचे सार असे की, तोंड बघणे कमी करावे आणि प्रश्न विचारणे शिकावे.

स्वीडनमध्ये मारिया हार्टविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली ८२ शिकाऊ पोलिसांवर प्रयोग केला. तितक्याच लोकांनी संशयितांची भूमिका घेतली. काहींनी लटकी चोरी केली होती, काहींनी नाही. निम्म्या शिकाऊ पोलिसांना आधी एक युक्ती शिकविली होती. हातात पुरावा असला तरी तो आल्याआल्या संशयितापुढे आपटू नका. आधी त्याला त्याची सारी हकिगत मोकळेपणाने सांगू द्या. मग पुरावा आपल्यापाशी आहे हे कळू न देता, त्याच्या आसपासचे बारीक प्रश्न विचारा. शेवटी पुरावा काढा. जो निर्दोष असतो तो सहसा सगळे आपणहून सांगून टाकतो. त्याला लपवायचे काहीच नसते. दोषी असतो तो नेमकी तीच जागा टाळतो, आणि मग त्याची हकिगत पुराव्याशी जुळत नाही. ही युक्ती न शिकलेल्यांचे ५६ टक्के निर्णय बरोबर आले. शिकलेल्यांचे ८५ टक्के. इतका फरक चेहरा वाचण्याच्या कोणत्याही शिक्षणाने पडल्याचे मी ऐकले नाही.

इंग्लंडात पोर्टस्मथ येथे आल्डर्ट व्रेय आणि त्यांचे सहकारी यांनी दुसरी वाट काढली. खोटे बोलणे हे डोक्याला ओझे आहे. रचलेले लक्षात ठेवायचे, खरे दाबायचे आणि पुन्हा सहज दिसायचे. त्या ओझ्यात थोडी भर घाला. घडलेली हकिगत शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावा. किंवा ज्याची तयारी केलेली नसणार असे काही विचारा. दोघे जण म्हणतात, आम्ही त्या वेळी खानावळीत जेवत होतो. काय खाल्ले, किती पैसे दिले, हे त्यांनी आधी ठरवलेलेच असते. त्यांना वेगवेगळे बसवा आणि खानावळीचा नकाशा काढायला सांगा. दार कुठे, तुमचे टेबल कुठे, कोण कोणत्या खुर्चीवर. खरोखर गेलेल्यांचे नकाशे जुळतात.

चेहऱ्याकडे पाहणे पूर्ण सोडावे असेही सर्व शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. ज्युलिया शॉ, स्टीफन पोर्टर आणि लिअॅन टेन ब्रिंक यांनी २०१३ साली न्यायखात्यातील आणि मानसोपचारातील ४२ व्यावसायिकांच्या शिक्षणाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. हरवलेल्या आप्तासाठी लोकांपुढे रडून विनवणी करणाऱ्या माणसांच्या चित्रफिती त्यांना दाखविल्या होत्या. विनवणी करणाऱ्यांतले काही स्वतःच खुनी होते. शिक्षणापूर्वी खोटी विनवणी निम्म्यांनाही ओळखता आली नव्हती. नंतर ते प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास गेले. तेथेही पहिला धडा जुन्या समजुती टाकण्याचाच होता. पण ही परीक्षा एकाच जातीच्या चित्रफितींवर झाली. रोजच्या जबानीत, रोजच्या थकलेल्या तपासनिसाच्या हातून तेच घडेल असे त्यावरून म्हणता येत नाही.

या सगळ्याला केवळ प्रयोगशाळेतला खेळ समजू नये. इंग्लंडात गिल्डफर्ड आणि बर्मिंगहॅम येथील १९७४ च्या बाँबस्फोटांबद्दल चौघांना आणि सहा जणांना शिक्षा झाल्या. त्यांत पोलिसांनी मिळविलेल्या कबुल्यांचा मोठा भाग होता. चौघे १९८९ साली आणि सहा जण १९९१ साली निर्दोष म्हणून सुटले. आयुष्याची पंधरा-सोळा वर्षे तुरुंगात घालवून. त्यानंतर तेथील पोलिसांच्या शिक्षणाचा पायाच बदलला गेला. कबुली मिळविणे हे उद्दिष्ट सोडून माहिती मिळविणे हे उद्दिष्ट ठेवले गेले. आपल्याकडे तर १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानेच पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येणार नाही असे ठरविले होते. तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरताच भाग ग्राह्य. १ जुलै २०२४ पासून तो कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण हे तत्त्व कायम राहिले. आजोबांना हे कलम पाठ होते. घरात मात्र दोन थोबाडीत मारून मिळालेली कबुली त्यांनी चालवून घेतली, आणि सुरसागरात गळ टाकून कोणी पाहिलेही नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी नातीला ठाऊक नव्हती आणि मला तिच्यामुळेच सापडली. 'आपल्या जुन्या ग्रंथांत याविषयी काही आहे का हो?' असे तिने विचारले म्हणून मी आजोबांचे कपाट उघडले. त्यात निर्णयसागर छापखान्याची याज्ञवल्क्यस्मृती आहे, मिताक्षरेसह. मिताक्षरा म्हटली की आपल्याला वाटण्या आणि दत्तक आठवतात. पण व्यवहाराध्यायात खोट्या साक्षीदाराची आणि लबाड पक्षकाराची लक्षणे दिली आहेत. तो एका जागी ठरत नाही, ओठांचे कोपरे चाटतो, कपाळाला घाम येतो, तोंडाचा रंग उतरतो, तोंड सुकून शब्द अडखळतात, समोरच्याच्या नजरेला नजर देत नाही. ५८ देशांनी दिलेली यादी आमच्या स्मृतिकारांनी केव्हाच दिली होती!

पण खरी मौज पुढे आहे. कल्याणच्या चालुक्य राजाच्या, सहाव्या विक्रमादित्याच्या, आश्रयाला असलेल्या विज्ञानेश्वराने सुमारे नऊशे वर्षांपूर्वी यावर टीका लिहिली. तो म्हणतो की, या लक्षणांनी दोषाची नुसती शक्यता कळते, निश्चय होत नाही. कारण स्वाभाविक विकार कोणता आणि प्रसंगाने आलेला कोणता, हे ओळखणे फार कठीण. आणि एखाद्या चतुर माणसाला ते ओळखता आले, तरी तेवढ्यावरून कोणाला हरलेला ठरवू नये. मरणाची चिन्हे दिसली म्हणून शहाणी माणसे त्या जिवंत माणसाचे क्रियाकर्म उरकत नाहीत, असा त्याचा दाखला आहे.

मी ते पान दोनदा वाचले. समासात तांबड्या पेन्सिलीची एक उभी रेघ आहे. आजोबांचीच, त्यांना तशी सवय होती. ती रेघ त्या होळीच्या आधी ओढलेली की त्या दिवाळीनंतर, हे सांगायला आता कोणी उरलेले नाही. आधी ओढली असेल तर वाचलेले आणि वागलेले यांत किती अंतर असते हे दिसते. नंतर ओढली असेल, तर म्हाताऱ्याने आपली शिक्षा आपणच लिहून ठेवली, असे म्हणावे लागेल.

नात परत जायला निघाली त्या सकाळी मी तिला पाटलीची हकिगत सांगितली. तिने मध्ये एक शब्दही काढला नाही. मग विचारले, "आजोबा, त्या रजया ट्रंकेत कोणी भरल्या होत्या?"

"त्यानेच," मी म्हणालो. "काकूंनी सांगितले होते. आईने पाटल्या काढून ठेवल्या त्या खोलीतूनच त्याने त्या उचलल्या."

"म्हणजे त्याला कोणी एवढेच विचारले असते, की आज सकाळपासून तू काय काय केलेस ते ओळीने सांग, तर तो म्हणाला असता, पाणी भरले, लाकडे आणली, आणि बाच्या खोलीतल्या रजया घडी करून ट्रंकेत ठेवल्या."

"हो."

"मग ट्रंक उघडली असती."

"हो."

"कोणी विचारले नाही?"

कोणी विचारले नाही. आम्ही सोळा माणसे त्याच्या तोंडाकडे बघत बसलो होतो.

तिने त्या पानाचा फोटो काढून घेतला. पुढे ती ज्या लोकांपुढे बसेल, त्यांच्यात एखादा मान खाली घातलेला असेलच. तिला मी एवढेच सांगितले की, बाळ, आधी त्याला पाणी दे, आणि मग त्याची सकाळ विचार. न्यायमंदिराच्या त्या जुन्या इमारतीत आता कोर्ट भरत नाही. पण आपल्या घरांच्या ओट्या अजून आहेत, आणि तिथे रोज कोणी ना कोणी उभे केले जाते.